‘आणला’ नव्हे, ‘आणली’

द्रौपदीबाई सोनवणे स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा शेगडीवर डाळ शिजत होती. शेजारच्या मॉरीनला करपल्याचा वास आला. एरवी द्रौपदीबाईंच्या घरातून असा वास कधी यायचा नाही, म्हणून ती मागच्या दारानं आत आली आणि तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. डाळ गेली, पातेलं गेलं, पण द्रौपदीबाई वाचल्या.

मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला होता. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय जड झाला आणि बोलणं पार बंद झालं. लंडनमधल्या एजवेअरहून त्यांचा मुलगा इंद्रजित गाडी हाणत आला, तेव्हा आईनं त्याच्याकडे पाहिलं, त्याला ओळखलं, तोंड उघडलं आणि त्यातून नुसता घोगरा आवाज निघाला. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा. पण त्या क्षणी त्याला कुणीतरी धरायला हवं होतं.

द्रौपदीबाई दापोडीच्या. लग्नानंतर दोनच वर्षांनी, बाविसाव्या वर्षी, नवऱ्यापाठोपाठ कॉव्हेंट्रीला आल्या. नवरा, दादासाहेब, मोटारींच्या कारखान्यात होता. घरात बाबासाहेबांचा फोटो, रविवारी विहारातली वंदना आणि पोरानं शिकलंच पाहिजे हा हट्ट, एवढं सामान घेऊन त्यांनी संसार मांडला. इंद्रजित शाळेत जायला लागल्यावर द्रौपदीबाई काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, होम हेल्प झाल्या. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, शेगडी पेटवायची, सूप करायचं, चादरी बदलायच्या, दुकानातून पाव आणि औषधं आणून द्यायची, असं ते काम. सुरुवातीला त्यांना इंग्रजी धड येत नव्हतं. ते त्यांना त्यांच्या पेशंटांनीच शिकवलं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी खास कॉव्हेंट्रीच्या गल्लीतलं होतं आणि विहारातल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करायच्या.

आता ते इंग्रजी गेलं होतं. समजतही नव्हतं की नुसतं बोलता येत नव्हतं, हे कुणालाच सांगता येईना. द्रौपदीबाईंना विचाराल तर, डॉक्टर बोलायचे ते त्यांना दूरच्या रेडिओसारखं ऐकू यायचं. मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि लगेच निसटायचा. लोक त्यांच्यावर ओणवून मोठ्यानं, सावकाश बोलायचे. त्या मान हलवायच्या. कधी हो, कधी नाही. काय विचारलंय तेच कळत नसे, पण समोरच्या माणसाला काहीतरी द्यायला हवं, म्हणून मान हलवायच्या.

थोडं स्थिर झाल्यावर त्यांना दुसऱ्या गावच्या छोट्या रिहॅब हॉस्पिटलात हलवलं. तिथे एक दिवस फोनवरून दुभाषी जोडून दिला. एजन्सीकडे मराठीचं कुणी नव्हतं, म्हणून कुणीतरी गुजराती जोडून दिली. स्पीकरमधून एक बाई गुजरातीत विचारत होती आणि द्रौपदीबाई टेबलावरच्या त्या काळ्या यंत्राकडे बघत होत्या. त्यांनी एकदा मान हो म्हणून हलवली, त्याच प्रश्नाला पुन्हा नाही म्हणून. नोंद झाली: पेशंटच्या उत्तरांत मेळ नाही, पुढे कुठे राहायचं हा निर्णय त्या स्वतः घेऊ शकतील असं दिसत नाही.

दादासाहेब हयात नव्हते, त्यामुळे हा निर्णय मग इंद्रजितवर आला. सोशल वर्कर गॅरेथ भला माणूस होता. त्यानं इंद्रजितला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळे मार्ग नीट समजावून सांगितले. इंद्रजितनं सगळं ऐकून घेतलं. पण आई फरशीवर पडली आहे आणि आपण मोटारवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यानं एजवेअरमध्ये घराजवळचं, म्हाताऱ्यांची देखभाल करणारं एक केअर होम पाहून ठेवलं होतं. स्वच्छ होतं. बाग होती. शाकाहारी जेवण मिळत होतं. तो रोज ऑफिसातून येताना भेटू शकला असता. खोली पुढच्या आठवड्यात मिळणार होती.

त्याची मुलगी तनू कॉव्हेंट्रीतच युनिव्हर्सिटीत होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी ती आजीकडे जेवायला जायची. तनूचं मराठी म्हणजे आजीशी बोलण्यापुरतं. शब्द पुष्कळ होते, पण कुठला तो, कुठली ती आणि कुठलं ते, याचा तिला कधी पत्ता लागला नव्हता. खुर्ची तिच्या लेखी ‘तो’ होती आणि दरवाजा ‘ती’. वर्षानुवर्षं आजी ताटावर वाकून भाजी वाढता वाढता दुरुस्ती करत आली होती आणि वर्षानुवर्षं तनूच्या ते एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघत होतं.

हॉस्पिटलात मात्र सगळे आजीशी इंग्रजीतच बोलत होते. इंद्रजितसुद्धा. त्याचं मराठी चांगलं होतं, पण नर्स बाजूला उभी असली की तो आपोआप इंग्रजीत जायचा. ‘मम्, यू ओके?’ असं विचारायचा आणि तिचा डावा हात हातात धरून बसायचा. तनूही तेच करत होती. चुकीचं मराठी वॉर्डात सगळ्यांसमोर बोलायला तिला संकोच वाटायचा.

त्या शनिवारी ती एकटीच आली. आजीला मऊ पदार्थ चालतील असं नर्सनं सांगितलं होतं, म्हणून तिनं होस्टेलच्या किचनमध्ये यूट्यूबवर बघून रव्याची खीर केली होती. थोडी करपली होती. समोरच्या कॉटवरची बाई झोपली होती, नर्सही जवळ नव्हती. तनूनं डबा उघडला, चमचा काढला आणि घरी बोलायची तसं बोलली.

“आजी, बघ. मी तुझ्यासाठी खीर आणला.”

द्रौपदीबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग तनूकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“आणली,” त्या म्हणाल्या.

तनूचा हात तसाच हवेत राहिला. आवाज घोगरा होता, पण शब्द अख्खा होता. ‘ल’ला वेलांटी नीट लागलेली होती.

“काय म्हणालीस?”

“आणली. खीर… आणली.”

तनूनं चमचा खाली ठेवला. तिला वाटलं, हे चुकून झालं असेल. आता हललं तर पुन्हा व्हायचं नाही. तिनं जरा विचार केला आणि मुद्दाम चुकायचं ठरवलं. तशी तिला फार मेहनत घ्यावी लागणार नव्हती.

“माझा बस खूप लेट आला,” ती म्हणाली.

“आली,” आजी म्हणाल्या.

“बाहेर खूप मोठी पाऊस पडते.”

“पडतो.” आजींचा चेहरा वैतागलेला होता. वीस वर्षांची पोरगी आणि पाऊस ‘पडते’ म्हणते, असा.

तनू रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. द्रौपदीबाईंनी डाव्या हातानं तिच्या गालावर थापटलं, मग डब्याकडे बोट केलं. भूक लागली होती. खीर भरवताना तनूनं विचारलं, “आजी, तुला इथून कुठे जायचं आहे?”

या वेळी उत्तराला वेळ लागला नाही.

“घरी.”

संध्याकाळी तनूनं वडिलांना फोन केला. ती त्यांच्याशी नेहमी इंग्रजीतच बोलायची. आजही तसंच बोलली. “डॅड, आजी बोलली.”

“काय बोलली?”

“‘आणली’.”

मग इंद्रजित हळू आवाजात म्हणाला, “तनू, डॉक्टर म्हणालेत, एखाददुसरा शब्द असा येतो. रिफ्लेक्ससारखा. त्याचा अर्थ तिला सगळं समजतं असा नाही.”

“तिनं मला तीनदा करेक्ट केलं. रिफ्लेक्सला व्याकरण येतं का? आणि मी विचारलं कुठे जायचंय, तर म्हणाली, घरी.”

“प्रत्येक पेशंट घरीच म्हणतो, बेटा.”

“मग प्रत्येकाचं ऐकायला नको?”

इंद्रजितला मुलीचा राग आला नव्हता. त्याला भीती वाटत होती की ती म्हणते ते खरं असेल. कारण आईला सगळं समजत असेल, तर तिच्यासमोर बसून, तिच्याविषयी, तिला न विचारता, आपण किती बोललो होतो.

सोमवारी तनूनं लेक्चर बुडवलं आणि ती स्पीच थेरपिस्टच्या दारात जाऊन उभी राहिली. शिवॉन नावाची आयरिश बाई होती ती, कामाच्या रगाड्यातली. तिनं तनूचं ऐकता ऐकताच हातातलं पेन खाली ठेवलं.

“म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या भाषेत दार ठोठावत होते,” ती म्हणाली. “दोन भाषा येणाऱ्यांच्या बाबतीत कधीकधी असं होतं. एक भाषा आधी परत येते, दुसरी मागून. कधी येतच नाही. माझी आजी शेवटी फक्त आयरिश बोलायची आणि आमच्यापैकी निम्म्यांना ती यायची नाही.” मग उठून म्हणाली, “चल, मला दाखव.”

त्या दुपारी शिवॉननं चित्रांची कार्डं मांडली आणि तनूकडून शब्द शिकून घेतले. कप. दार. जिना. झोप. तिचे उच्चार ऐकून द्रौपदीबाईंच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. स्ट्रोकनंतर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. शिवॉन दार म्हणायची तर ते ‘धार’ व्हायचं आणि द्रौपदीबाई मान हलवून “दार” म्हणायच्या. शिकवता शिकवता त्यांचे स्वतःचे शब्द सुटत गेले. वाक्य येत नव्हतं. पण शब्द नेमके यायचे, जागच्या जागी.

शिवॉननं गॅरेथला गाठलं. गॅरेथनं ते ऐकल्यावर आढेवेढे घेतले नाहीत. “आधीचं असेसमेंट बाजूला ठेवू,” तो म्हणाला. “पुन्हा करू. मराठी दुभाषी, फोनवर नाही, समोर बसलेली. आणि घरच्यांनी उत्तरं पुरवायची नाहीत. त्यांचं उत्तर त्यांचंच हवं.”

एजवेअरच्या केअर होमला इंद्रजितनं थोडे दिवस मागून घेतले. नाखुशीनं, पण मागून घेतले.

दुभाषी नीना लेस्टरहून आली. साधारण चाळिशीची, गळ्यात मफलर, आल्या आल्या तिनं खुर्ची द्रौपदीबाईंच्या डाव्या बाजूला ओढून घेतली.

“नमस्कार ताई, मी नीना. हे लोक जे विचारतील ते मी तुम्हाला मराठीत सांगेन, आणि तुम्ही जे म्हणाल तेच यांना सांगेन. माझ्या पदरचं काही घालणार नाही. घाई नाही. चालेल?”

द्रौपदीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. कितीतरी दिवसांनी एक अनोळखी माणूस त्यांच्याशी अख्ख्या, सरळ मराठीत बोललं होतं. त्यांचे डोळे भरून आले. “चालेल,” त्या म्हणाल्या.

खोलीत गॅरेथ, शिवॉन, इंद्रजित आणि तनू होते. इंद्रजित खिडकीशी बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. गॅरेथनं केअर होमचे फोटो टेबलावर ठेवले. खोली, बाग, जेवणाचा हॉल. मग विचारलं, आणि नीनानं मराठीत सांगितलं, “हे एजवेअरचं होम आहे. इथे तुमची काळजी घेतली जाईल, मुलगा जवळ राहील. इथे जायला आवडेल का?”

“हो,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

तनूनं श्वास रोखला. इंद्रजितनं खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. उलट काहीतरी हरवल्यासारखं दिसत होतं. द्रौपदीबाईंना स्वतःलाच कळलं की निघालेला शब्द चुकीचा होता. त्यांनी डोकं जोरात हलवलं, पण तोंडातून पुन्हा “हो, हो” असंच निघालं. त्या घामाघूम झाल्या.

“थांबा,” शिवॉन शांतपणे म्हणाली. “या आजारात हो आणि नाहीची अदलाबदल होते. हो-नाहीवर अवलंबून राहू नका. दोन चित्रं द्या. त्यांना दाखवू दे.”

गॅरेथनं केअर होमचा फोटो एका बाजूला ठेवला. तनूनं फोनमध्ये आजीच्या घराचा फोटो उघडून फोन दुसऱ्या बाजूला ठेवला. वीटकामाचं अरुंद घर, पुढे कुंडीत कढीपत्ता, जो दर हिवाळ्यात मरायला टेकायचा. नीनानं विचारलं, “ताई, राहायचं कुठे?”

द्रौपदीबाईंनी डावा तळहात उचलला आणि फोनवर असा आपटला की फोन टेबलावरून सरकला.

“हे,” त्या म्हणाल्या. “माझं.”

गॅरेथनं मान डोलावली, पण तो तिथे थांबला नाही. त्याचं कामच ते होतं. “घरी जायचं म्हणता, ते समजलं. पण तिथे काय अडचणी येतील, ते तुम्हाला कळतंय का?”

नीनानं विचारलं. द्रौपदीबाई विचारात पडल्या. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडायला सुरुवात केली. “जिना,” त्या म्हणाल्या. “आंघोळ.” थांबल्या. “हात… हा.” त्यांनी लुळ्या हाताकडे पाहिलं. “एकटी.”

“मग कसं जमवाल?”

“पलंग… खाली. पुढची खोली.” श्वास. “बाई येईल. काउन्सिल. सकाळी.” मग शब्द अडला. त्या डोळे मिटून तो शोधत राहिल्या. खोलीत कुणी काही बोललं नाही, हे फार बरं झालं. “मी,” त्या शेवटी म्हणाल्या, “मी जायचे. घरोघर. आजारी माणसं… घरी बरी होतात. बघितलंय.”

नीनानं ते जसंच्या तसं सांगितलं. गॅरेथला अर्थ लागला नाही. तेव्हा इंद्रजित पहिल्यांदा बोलला. “ती होम हेल्प होती,” तो म्हणाला. “कॉव्हेंट्रीच्याच काउन्सिलची. मी लहान असताना सुट्टीत ती मला बरोबर न्यायची. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना तरुणपणी क्षय झालेला, एकोणीसशे पन्नासच्या आसपास. सॅनिटोरियममधून सुटले तेव्हा काउन्सिलनं त्यांना पलंग, पांघरुणं आणि रोजचं दूध पुरवलं होतं. आई पाव घेऊन गेली की ते दरवेळी तेच सांगायचे. म्हणायचे, त्या पलंगानं मला जगवलं.” तो थांबला. “मी हे विसरून गेलो होतो.”

मग त्यानं खुर्ची आईच्या समोर ओढली. गॅरेथ काही म्हणणार होता, पण शिवॉननं त्याला खुणेनं थांबवलं. इंद्रजित मराठीत बोलला. घरच्या, जुन्या मराठीत, जे त्यानं या आजारपणात तिच्याशी एकदाही बोलून पाहिलं नव्हतं.

“आई, पडलीस तर?”

“पडेन,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

“मी दीड तास लांब असतो.”

“बटण.” त्यांनी गळ्याशी बोट नेलं. दाबलं की मदत येते अशी बटणं त्यांनी पुष्कळ पेशंटांच्या गळ्यात पाहिली होती. “मॉरीन.” मग त्यांनी मुलाचा चेहरा नीट न्याहाळला. “तू… घाबरतोस.”

“हो,” तो म्हणाला. “खूप घाबरतो.”

“मी नाही.”

त्यानं तिचा लुळा हात उचलून कपाळाला लावला आणि तसाच बसून राहिला. नीनानं त्या दोघांचं बोलणं खाली मान घालून, हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. ऐकून झाल्यावर गॅरेथनं फाइल बंद केली.

“मिसेस सोनवणेंना निर्णय घेता येतो,” तो म्हणाला, “आणि तो त्यांनी घेतलेला आहे. आता तो पार पाडणं हे माझं काम.”

ते सांगितलं तेवढं सोपं नव्हतं. आधी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्यांना चहा करून दाखवावा लागला. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं टी-बॅग आणि केटल पुढे ठेवली. द्रौपदीबाईंनी टी-बॅगकडे दुर्लक्ष केलं आणि पातेलं मागितलं. एका हातानं पातेल्यात पाणी घेताना निम्मं सांडलं, साखरेचा डबा उघडताना झाकण उडालं. पहिल्या दिवशी चहा झालाच नाही. त्या थकून खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ सिंककडे बघत राहिल्या. दुसऱ्या खेपेला थेरपिस्टनं डबा घट्ट धरून ठेवणारी रबरी चटई दिली. तिसऱ्या खेपेला चहा झाला, उकळलेला, दुधाळ, आणि थेरपिस्टनं अख्खा कप संपवला.

घरी काउन्सिलची माणसं येऊन गेली. बाथरूममध्ये दांड्या बसल्या, पुढच्या खोलीत पलंग आला, दाराच्या पायरीला कठडा लागला. इंद्रजितनं दोन आठवडे रजा काढली आणि भिंतीवरच्या दादासाहेबांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी पलंगावरून दिसतील अशा हलवल्या. द्रौपदीबाई व्हीलचेअरवरून दारापर्यंत आल्या. तिथे त्यांनी खुर्ची थांबवायला लावली, चार पायांची काठी मागून घेतली आणि उंबरा स्वतःच्या पायांनी ओलांडला. मॉरीननं आपल्या दारातून टाळ्या वाजवल्या.

सकाळ-संध्याकाळ मदतीला बेव्ह यायची. काउन्सिलच्या ज्या टीमनं तिला पाठवलं होतं, त्यांचं धोरणच असं की पेशंटला करता येईल ते पेशंटलाच करू द्यायचं, आपण फक्त बाजूला उभं राहायचं. पण बेव्ह मायाळू होती आणि घाईतही असायची, त्यामुळे तिचा हात पुढे जायचा. द्रौपदीबाई तो बाजूला सारायच्या. एका सकाळी बेव्ह ब्लाउजचं बटण लावायला वाकली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, “सिट.”

बेव्ह बसली. मग दोघींच्याही लक्षात आलं की तो शब्द इंग्रजी होता.

तिथून इंग्रजी परत यायला लागलं. पाहुण्यासारखं, आपल्या सवडीनं, आधी दारात घुटमळत. ‘मिल्क’ आलं, ‘कोल्ड’ आलं, टीव्हीवरच्या बातम्या ऐकताना एक शिवीही आली, जी ऐकून तनू खुर्चीतून पडायची बाकी राहिली. शिवॉननं त्यांना स्ट्रोक झालेल्यांच्या गटात नेलं. कम्युनिटी सेंटरमध्ये मंगळवारी दहा-बारा जण गोल करून बसायचे. कुणाला नाव सांगता येत नव्हतं, कुणाला वार. तिथे कुणी कुणाचं वाक्य पुरं करून देत नसे, सगळे थांबायचे. द्रौपदीबाईंना ते फार आवडलं. विहारात त्या वंदनेला जायला लागल्या, तेव्हा त्रिशरण-पंचशील त्यांच्या तोंडून अडखळल्याशिवाय, पाण्यासारखं वाहत आलं. बाजूच्या रूपालीताई म्हणायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

थंडी सरता सरता गॅरेथ शेवटच्या भेटीला आला. मदत चालू ठेवायची की थांबवायची, ते त्याला ठरवायचं होतं. इंद्रजित मुद्दाम आदल्या दिवशीच आला होता, तनूही होती. पुढच्या खोलीत सगळे बसले. गॅरेथ एकेक विचारत गेला आणि द्रौपदीबाई उत्तरं देत गेल्या, काही इंग्रजीत, काही मराठीत. मराठी उत्तरं तनू सांगत होती. आंघोळ जमते. स्वयंपाक जमतो, पोळ्या अजून नाही. औषधं वेळेवर.

“आणि बाहेर?” गॅरेथनं विचारलं. “एकट्या बाहेर जाता का?”

“नाही अजून,” इंद्रजित पटकन म्हणाला. “बरोबर कुणी असलं तरच.”

द्रौपदीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या. कोट खुंटीवर होता. त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी लुळा हात बाहीत घातला, मग धड हात. चेन लावायला वेळ लागला. तनू अर्धी उठली आणि परत बसली. कापडी पिशवी गळ्यात तिरकी अडकवून त्यांनी काठी घेतली.

“आई, कुठे?” इंद्रजितनं विचारलं.

“शॉप,” त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

तिघेही खिडकीशी गेले. इंद्रजितचा हात दोनदा दाराच्या मुठीकडे गेला. दोन्ही वेळा तो स्वतःच मागे घेतला.

रस्ता ओला होता. द्रौपदीबाई काठी पुढे टाकायच्या, मग जड पाय, मग दुसरा. समोरून येणारी दोन मुलं बाजूला झाली. झेब्रा क्रॉसिंगवर एक व्हॅन थांबली. ड्रायव्हरनं हात केला, त्यांनीही मान तुकवली आणि मुळीच घाई न करता रस्ता ओलांडला. कोपऱ्यावरच्या दुकानात सरदारजींनी त्यांना पाहिलं आणि काउंटरमागून बाहेर यायला निघाले. द्रौपदीबाईंनी हात वर करून त्यांना जागीच थांबवलं.

“क्या चाहिए, बहनजी?”

काय हवं ते त्यांना दिसत होतं, वासही आठवत होता. मराठी शब्द जिभेवर होता, पण त्यांना तो नको होता. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. त्या थांबल्या. गटात थांबायचे तशाच, न ओशाळता थांबल्या. सरदारजीही थांबले.

“कोरि…” त्या म्हणाल्या. पुन्हा सुरुवात केली. “कोरिअँडर.”

अख्खा शब्द आला. अक्षर न गाळता, कॉव्हेंट्रीच्या गल्लीतल्या हेलासकट. “वन बंच,” त्यांनी पुढे जोडून दिलं, कारण आता तेही जमत होतं. “फ्रेश वन, मिस्टर सिंग. नॉट यस्टर्डे’ज.”

मागच्या गिऱ्हाइकाला हसू आवरलं नाही. सरदारजींनी खोक्यातली सगळ्यात खालची, ताजी जुडी काढली, पाणी झटकलं आणि स्वतः त्यांच्या पिशवीत ठेवली.

परत येताना त्या दमल्या होत्या. एका भिंतीपाशी टेकून त्यांनी श्वास घेतला. समोर आपल्या घराच्या खिडकीत तीन चेहरे काचेला लागलेले त्यांना दिसले आणि त्यांना इतकं हसू आलं की पुन्हा थांबावं लागलं. मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि उरलेला रस्ता, मधे कुठे न टेकता, चालत आल्या. दार इंद्रजितनं उघडलं. त्यानं पिशवी घ्यायला हात पुढे केला नाही. तेवढं त्याला आता कळत होतं. त्याचे डोळे ओले होते आणि तो ते लपवत नव्हता.

गॅरेथनं कागदावर शेवटची खूण केली आणि टोपण लावलं. “मिसेस सोनवणे,” तो म्हणाला, “मला वाटतं, आता तुम्हाला आमची गरज नाही.”

“नो,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “बट यू स्टे. लंच.”

त्या आपल्या खुर्चीत बसल्या, काठी बाजूला टेकवली, गळ्यातली पिशवी काढून कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली आणि ती मुलाकडे सरकवली.

“निवड,” त्या म्हणाल्या.

बँकेतला मोठा साहेब मुकाट्यानं बाह्या सरसावून बसला.